राहिलेली टोपी

“बमरोलीच्या जावेशी आधी तूच बोल,” शेवटच्या दुखण्यात सासूबाई म्हणाल्या होत्या. कलाबाईंनी हो म्हटलं, त्याला चार वर्षं झाली; दोघींचं बोलणं अजून बंदच होतं. आज एकादशीचं दर्शन घेऊन त्या गोडादऱ्याच्या बसथांब्यावर टेकल्या. शेजारी एक म्हातारा बहिणीच्या नवऱ्याला डिवचत होता.

“दाजी, माझ्या पोरीच्या लग्नात टॉवेल दिला अन् टोपी राहिली, तर बारा वर्षं अबोला?”

“चारचौघांत उघड्या डोक्यानं जेवलो मी!”

“ही घ्या टोपी. पण केस राहिलेत कुठे?”

“म्हणून तर आता खरी गरज, शहाण्या!”

“ताई फार हसली असती.”

“शेवटी म्हणायची, दोघं एकदा माझ्यासमोर हसा.”

“आणि आपण?”

“तिच्या दहाव्यालासुद्धा पाठ करून बसलो.”

घराकडची बस आली. कलाबाईंनी ती जाऊ दिली आणि पलीकडच्या थांब्यावर जाऊन त्या बमरोलीच्या बसची वाट पाहू लागल्या.