अपघाताविना दोनशे तेरा दिवस

नाही हो, व्हीलचेअरचा नाहीये तो. उडीचा रॅम्प आहे — पोरांनी सायकल जोरात आणायची आणि त्यावरून उडायचं, त्यासाठी केलेला. बायकोनं सोसायटीच्या ग्रुपवर काय टाकलंय? ‘लाकडी रॅम्प, उतार सोपा, हवा असल्यास घेऊन जाणे.’ उतार सोपा — बघा म्हणजे. तुमची काही चूक नाही, ज्योतीरामभाऊ, आईला व्हीलचेअरवरून आत-बाहेर न्यायचं म्हटल्यावर कोणीही हे वाचून येईल. उंबरा केवढा तुमचा? चार इंच? मग बसेल. मोजून केल्यासारखा बसेल, तेच तर दुखणं आहे.

मुळात तो दोन फूट उंच होता. खोटं वाटेल, पण होता. अनुया — माझी मुलगी, अकरा वर्षांची — तिनं मोबाइलवर कुठल्यातरी पोरांना उडताना बघितलं आणि म्हणाली, बाबा, मला करून दे. मी चाकणला कंपनीत सेफ्टी ऑफिसर, परदेशातून मशीन येतात त्या पेट्यांचं लाकूड तिथं पडूनच असतं — रीतसर गेटपास करून आणलं, हं — आणि चार रविवार इथं पार्किंगमध्ये बसून कापलं, रंधा मारला, वर प्लायवूड ठोकलं. हात फिरवून बघा, एक स्क्रू वर आलेला नाही. तीस अंशांचा चढ. पहिल्या दिवशी ती लांबून सायकल दामटत निघाली आणि मध्ये कोण उभं राहिलं? मीच. दोन्ही हात पसरून. म्हटलं, थांब, आधी जरा रिस्क बघू.

झालं मग. रॅम्पचे पाय थोडे कापले — वीस अंश. एकदा तिचं चाक डगमगलं, आमच्या भाषेत निअर मिस, थोडक्यात हुकलेला अपघात, पुन्हा करवत — बारा. अवकाळी पाऊस पडला, फळी ओली — आठ. शेवटी पाच. पाच अंशांवर सायकल उडत नाही, भाऊ, सायकलला कळतसुद्धा नाही की आपण रॅम्पवर आहोत. पाण्याचे जार आणणारा त्याची ट्रॉली यावरून चढवतो आणि जाता-येता माझं कौतुक करतो. नीलिमा, म्हणजे बायको, म्हणाली, अजून एकदा कापलास की पाट होईल, जेवायला घेऊ.

पण अपघात? एकही नाही. ती पाटी बघा भिंतीवर — ‘अपघाताविना दिवस’. कंपनीच्या गेटवर असते ना, तशीच आणून लावली. रोज सकाळी अनुया कालचा आकडा पुसून नवा लिहिते. आज दोनशे तेरा लिहून क्लासला गेली. आत्ता शून्य दिसतंय ना? ते मी लिहिलं, ती गेल्यावर. सांगतो — तुम्ही ते टोक धरा, हे मी धरतो. एका हातानं धरलं तर चालेल ना? दुसरा जरा… काही नाही, झोपेत अवघडला. राहू दे, ठेवा खाली, घाई काय आहे.

दर एक तारखेला मी घरातली औषधांची पेटी तपासतो. हसा, नीलिमाही हसते. या एक तारखेला बँडेजच्या पट्ट्या अकरा कमी निघाल्या, आणि घरात कोणी खरचटल्याचं बोललं नव्हतं. मग डोक्यात प्रकाश पडला — पोरगी भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचं घालून फिरतेय. घरात. पंख्याखाली. ज्या माणसाला पन्नास फुटांवरून हेल्मेटचा सैल पट्टा दिसतो त्याला हे दीड महिना दिसलं नाही.

न दिसायची सवय असते, काय सांगू. कंपनीत तीनशे दिवस पूर्ण झाले की सगळ्यांना श्रीखंडाचा डबा मिळणार होता. दोनशे अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी प्रेसवरचा प्रज्वल अख्खी शिफ्ट डावा हात खिशात घालून उभा. का? बोट कापलं होतं, आणि आपल्यामुळं चारशे जणांचा डबा जाऊ नये म्हणून. मला कसं माहीत? खिशातला रुमाल लाल झालेला मी बघितला होता ना. बघितला आणि दुसऱ्या मशीनकडं वळलो. तीनशे झाले, फोटो निघाला, मी मधोमध उभा आहे. हे तुम्हाला कशाला सांगतोय कुणास ठाऊक.

तर गुरुवारी अनुयाच्या मागं गेलो. मागच्या प्लॉटवर बिल्डरनं मुरमाचा ढीग टाकलाय, तिथं हिनं जुन्या दाराची फळी दोन ब्लॉकवर टेकवलीय. मी काँक्रीटच्या मिक्सरच्या आडून बघत होतो. आली, चढली आणि उडाली — दोन्ही चाकं हातभर वर, भाऊ. सात महिने ज्याच्यासाठी करवत चालवली ते मी पहिल्यांदा बघितलं, तेही चोरून. मग पडली. उठली, इकडं-तिकडं बघितलं आणि बाही खाली ओढली. रडली नाही. माझा आकडा सांभाळला पोरीनं. फार लागलं मला ते.

आज सकाळी सहाला तिचीच सायकल घेऊन तिथं गेलो. तपासणीला. कोनमापक लावला — अठ्ठावीस अंश. माझ्या पहिल्या रॅम्पपेक्षा दोनच कमी, आणि तिनं नुसत्या अंदाजानं लावलेला. मग म्हटलं, आलोच आहे तर… हवेत होतो मी, खरंच होतो. थोडा वेळ. नंतर मुरमात. कोपर सोलून निघालंय, म्हणून ह्या पूर्ण बाह्या. नीलिमाला अजून बोललो नाही. तुम्ही काय बघताय ते कळतंय मला — पोरगी कुणाची, हेच ना.

घरी आलो, ती तयार होऊन बसलेली. पाटीवर दोनशे तेरा लिहिलं आणि गेली. मी पुसलं. आता ती येऊन काय करते, एवढंच बघायचंय — सांगते की बाही अजून खाली ओढते. दहाला सुटतो क्लास. तुम्ही आलात ते बरं झालं, एकटा बसलो असतो तर पुन्हा दोनशे तेरा लिहून टाकलं असतं. रॅम्प न्या तुम्ही, आईंना सांगा एकदम सेफ आहे. मी दुसरा करीन, तीस अंशांचा, करवत आधी कोणाला तरी देऊन टाकीन आणि —

आली. हं, बोलू नका. पाटी बघतेय.

काय गं? हो, शून्यच आहे. कोण पडलं म्हणतेस?

मी पडलो. त्या मुरमाच्या ढिगावर, तुझ्या फळीवरून. हे बघ कोपर.

भाऊ, तुम्ही निघा आता. नाही, उचलायला येत नाही मी, वॉचमनला हाक मारा. ती बाही वर करतेय.