शंभरातले शहात्तर

...आणि वर मलाच विचारतात हो, तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये बोलायला? कुणी म्हणजे? कुणीच नाही! उलट बोलू नका असं सांगणाऱ्यांचीच रांग लागली होती. आमची ही लिफ्टमध्ये सांगत होती, पॅसेजमध्ये सांगत होती, खुर्चीत बसता बसता माझ्या शर्टाचं वरचं बटण लावून देत सांगत होती, की अहो, आज आपण सुनेच्या ऑफिसात आलोय, ती दाखवेल ते बघायचं, मान हलवायची आणि घरी यायचं, तिच्या कामात खोड काढायची नाही. आमच्या घरातला हा पहिला कायदा. बाकी कशातही खोड काढा, भाजीत काढा, सरकारात काढा, माझ्या माहेरच्यांत काढा म्हणते ही, पण सुनेच्या कामात काढायची नाही. सहा वर्षं पाळला मी. सहा वर्षं! आणि मोडला कधी, तर ज्या दिवशी सूनबाई भर मीटिंगमध्ये सांगत होती की बाबांचं हृदय पास झालंय, त्या दिवशी. पास म्हणजे सुटका! तुम्हाला सांगतो, काय जात होतं माझं गप्प बसायला?

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला कळायचं नाही. मी प्लंबर. अडतीस वर्षं नळ जोडले, फ्लश दुरुस्त केले, लोकांच्या बेसिनखाली अर्धं आयुष्य उताणं पडून काढलं. आता काम सोडलंय, पण कान सोडत नाहीत ना! गळका नळ मला तीन खोल्यांपलीकडून ऐकू येतो. परवा एकांकडे माणूस गेला म्हणून भेटायला गेलो. सगळे माना खाली घालून बसलेत, कुणी रुमाल डोळ्याला लावतंय, आणि मला काय ऐकू येतंय? टप... टप... टप... दहा मिनिटं कळ काढली. मग उठलो, मोरीत गेलो, वायसर झिजलेलं होतं, खिशातलं काढून बदललं, हात पुसून परत येऊन बसलो. तर गेलेल्या माणसाची बायको हुंदका आवरून म्हणते कशी, 'ह्यांना दोन वर्षं सांगत होते.' आता सांगा, माझं चुकलं का? ही म्हणते चुकलं. घरी येईपर्यंत म्हणत होती.

तर असा मी. आणि माझीच नळी चोंदली. तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही, तर दुसऱ्या मजल्यावर छाती आवळून यायला लागली. मी म्हटलं पित्त असेल. ही म्हणाली, पित्त जिना बघून येतं का? नेलं डॉक्टरांकडे. मोठे हृदयाचे डॉक्टर, पण माणूस एवढा हळू बोलणारा की त्यांना ऐकायला पुढे वाकलं तर आणखी छाती दुखावी. त्यांनी स्कॅन काढला आणि म्हणाले, काका, हृदयाला रक्त नेणारी एक नळी एका जागी अरुंद झालीय. मनगटातून तार घालायची, आतल्या आत फुगा फुगवायचा आणि जाळीची नळी बसवायची, तिला स्टेंट म्हणतात, अर्ध्या तासाचं काम.

मी विचारलं, आणि मेन चावी?

ते म्हणाले, कसली चावी?

अहो, कसली म्हणजे काय! तुम्ही लाइनमध्ये काम करणार, तर लाइन बंद करणार की नाही? तर म्हणतात नाही, हृदय चालूच राहतं, रक्त वाहतंच राहतं, तुम्हीही जागेच असता. मी उभाच राहिलो! अडतीस वर्षांत मेन चावी बंद केल्याशिवाय मी पाइपला पाना लावलेला नाही. एकदाच लावला होता, कामाला नवा होतो तेव्हा, तर त्या बाईंचा सोफा तरंगत दारापर्यंत आला होता. आणि हा सद्‌गृहस्थ माझ्या छातीत चालू लाइनवर काम करणार? लपवत नाही, घाबरलो. हिच्यासमोर हसलो, पण बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उगीच उभा राहिलो.

तेव्हा डॉक्टर म्हणाले, तुमचा अडथळा असा मधलाच आहे, स्टेंट लागेल किंवा नुसत्या औषधांवरही भागेल. ते आधी कॉम्प्युटरवर बघता येईल, आणि ते बघणारी तर तुमच्याच घरात आहे.

आमची सूनबाई! ती इंजिनिअर. सहा वर्षं मला एवढंच ठाऊक होतं की ती कॉम्प्युटरवर रक्त वाहवते. ही शेजारणींना सांगते, सून हृदयाची डॉक्टर आहे, आणि सून मागून म्हणते, डॉक्टर नाही हो आई. तर ते काम असं: स्कॅनवरून कॉम्प्युटरमध्ये माझ्या नळ्यांची हुबेहूब आकृती करायची, तिचे बारीक बारीक तुकडे करायचे... तुकडे किती, विचारा. अकरा लाख! मला सूप वाढता वाढता सांगते, 'बाबा, तुमचे अकरा लाख तुकडे केले आज.' मी म्हटलं, बरं केलंस बाई. मग त्या आकृतीतून खोटं रक्त सोडायचं, माणूस जिना चढताना वाहील तेवढं, आणि बघायचं, अडथळ्याच्या अलीकडे दाब शंभर असेल तर पलीकडे किती उरतो. ऐंशीच्या वर उरला तर औषधं घ्या आणि घरी जा. ऐंशीच्या खाली गेला तर स्टेंट. एवढा साधा हिशोब, आणि त्यासाठी कॉम्प्युटर अख्खा दिवस घुमतो!

तर ती मीटिंग. लांबलचक टेबल, भिंतीएवढा पडदा, एका बाजूला डॉक्टर, मधे सूनबाईचे सर. उंच, किडकिडीत, चष्मा कपाळावर आणि तोच चष्मा टेबलावर शोधणारे. समोर आम्ही दोघं. पडद्यावर माझं हृदय! एखाद्याला आपलं घर वरून बघताना वाटावं तसं वाटलं हो, अरे, एवढंसं? सूनबाई सांगत होती, लाल म्हणजे जोरात, निळं म्हणजे हळू. मी मनात म्हटलं, आमच्यात लाल म्हणजे गरम, पण बोललो नाही. बघा, बोललो नाही! मग तिने आकडा दाखवला. चौऱ्याऐंशी. ही एकदम माझा हात धरून बसली, भर ऑफिसात. डॉक्टर हळूच म्हणाले की मग स्टेंटची घाई नको. सर म्हणाले, सुंदर. सूनबाईने माझ्याकडे बघितलं आणि अशी हसली, की लग्नात पण एवढी हसली नव्हती.

संपलं होतं हो सगळं! उठायचं, चहा प्यायचा, घरी यायचं. काय जात होतं माझं गप्प बसायला?

पण माझे डोळे त्या पडद्यावर. नळी वरून खाली येते, मधे चेपलेली जागा, पुढे ती सरळ खाली जाते... आणि चेपलेल्या जागेच्या जरा पुढे, डाव्या अंगाला, एक टेंगूळ. एवढंसं, गुळगुळीत. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. पण मला टेंगूळ नाही दिसलं, मला टी दिसली. एका पाइपमधून दुसरा फुटतो तो जोड असतो ना, तो. आणि त्या टीच्या तोंडाला कुणीतरी बूच मारलेलं.

मी मान फिरवली. खिडकीबाहेर बघितलं. हिच्या पर्सकडे बघितलं. बूच. छताकडे बघितलं. बूच! जीभ दाताखाली धरली, आणि तरी तोंडातून आवाज आला तो माझाच होता: 'सूनबाई, ती टी का गं बुजवलीस?'

टेबलाखालून हिचा पाय माझ्या पायावर आला, टाचेसकट.

सूनबाई म्हणाली, बाबा, दीड मिलिमीटरपेक्षा बारीक फांद्या आम्ही छाटतो, स्कॅनमध्ये धूसर असतात, त्यांनी फार फरक पडत नाही. सरांनी पण चष्मा शोधत मान डोलावली. इथे तरी थांबायचं की नाही? नाही! मी उभाच राहिलो. म्हटलं, साहेब, तुम्ही शॉवरखाली उभे आहात. मेन पाइप आतून गंजून निम्मा झालाय, तरी धार छान येतेय. का येतेय? कारण घरात एकच नळ चालू आहे. आता तुमच्या बायकोने स्वयंपाकघरात भांड्यांसाठी नळ सोडला. झालं! तुमच्या डोक्याला साबण आणि वर थेंब थेंब. पाइप तोच, गंज तोच, पण आता त्या निमुळत्या जागेतून दोन नळांचं पाणी ओढलं जातंय, म्हणून पुढचा दाब पडला. तुम्ही माझा एक नळ बंद करून दाब मोजलात, तो चांगलाच येणार!

डॉक्टरांनी मूळ स्कॅन उघडला, पुढे वाकले, आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोलले, की ही फांदी तर चांगली अडीच मिलिमीटरची आहे. छाटणी कॉम्प्युटर आपोआप करतो म्हणे, त्यात हीपण गेली होती, कुणी डोळ्याने बघितलंच नाही. सरांना चष्मा सापडला. सूनबाईचा चेहरा... तो मला अजून आठवतो हो, आणि वाईट वाटतं. चूक काढली त्याचं नाही, चारचौघांत काढली त्याचं. कानात सांगता आलं असतं. मुळात सांगितलंच नसतं तर? काय जात होतं माझं...?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली. फांदी जोडून परत चालवलं होतं. पर्स खांद्याला तशीच, चपला तशाच, माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, शहात्तर.

ही स्वयंपाकघरातून आली आणि तशीच परत आत गेली.

मग सूनबाई म्हणाली, 'बाबा, फांदी जोडली की आकडा खाली येणार, हे तुम्हाला बोलायच्या आधीच कळलं होतं ना?'

'कळलं होतं,' मी म्हटलं.

'मग?'

आता मग काय? म्हटलं, 'बूच दिसत होतं ना गं.'

ती रडली. हसत होती आणि रडत होती, दोन्ही नळ एकदम. म्हणाली, तुम्ही गप्प बसला असतात, तर तो चौऱ्याऐंशीचा कागद मीच सही करून दिला असता, आणि कधीतरी तुम्ही जिन्यात... पुढचं मलाही ऐकायचं नव्हतं. पाठीवर हात ठेवला तिच्या. एवढंच.

ही मात्र दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, ती एवढंच, की आयुष्यात सगळ्यांच्या चुका दाखवल्यात, एक तुमच्या फायद्याची होती, ती तरी सोडायची!

तर मंगळवारी मला टेबलावर घेतलं. मनगट पट्टीने बांधलेलं, अंगावर निळं कापड, लाइन चालूच! काचेपलीकडे सूनबाई, तिचे सर, आणि त्यांच्या ऑफिसातली आणखी चार माणसं. माझ्या छातीत काय आहे हे बघायला एवढी गर्दी! डॉक्टर कानाशी वाकले, म्हणाले, काका, स्टेंटच्या आधी एकदा खरा दाब मोजतो. तारेच्या टोकालाच मापक असतो. ऐंशीच्या वर निघाला, तर तार काढून घेतो, उठा आणि घरी जा.

म्हणजे अजून आशा होती! कॉम्प्युटर चुकलेला असू शकतो! मीही चुकलेलो असू शकतो! तुम्हाला सांगतो, मी डोळे मिटले आणि देवाला म्हटलं, देवा, जन्मभर मी लोकांशी भांडलो, की माझंच बरोबर आहे. गिऱ्हाइकांशी भांडलो, इंजिनिअरांशी भांडलो, हिच्याशी तर रोजच. आज एकदा, फक्त एकदा, मला चूक ठरव. टी नव्हती असं ठरव. ते टेंगूळच होतं असं ठरव. मी सगळ्यांची माफी मागेन, सरांची मागेन, त्या सोफावाल्या बाईंची पण मागेन, पण आज मला चुकू दे...

डोळे उघडले. पडद्यावर आकडा. शहात्तर.

आणि काचेपलीकडे जल्लोष! सर उड्या मारतायत, त्यांचा चष्मा पडला, सूनबाईने दोन्ही हात वर केलेत, डॉक्टर म्हणतायत, तंतोतंत काका, तंतोतंत! माझी नळी चोंदलेली निघाली, आणि खोलीत एवढा आनंद! स्टेंट बसला, अकरा मिनिटांत. चालू लाइनवर, आणि एक थेंब खाली नाही. त्याबद्दल मानलं मी डॉक्टरांना, आज तिसरा मजला न थांबता चढतो. संध्याकाळी ही वॉर्डात आली, पलंगावर टेकली, माझं पांघरूण सारखं केलं आणि छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा म्हणाली, 'तुमचंच बरोबर होतं हो.'

जन्मभर बरोबर ठरायसाठी भांडलो तेव्हा कुणी कबूल केलं नाही... आणि एकदा मनापासून चुकायला निघालो, तर तेवढंही धड जमलं नाही.