पुढं चाललेली बाई

न्हाई न्हाई फिरोजभाई, कड कापू नका, फ्रेम मोठी झाली तरी चालंल. त्या कडेलाच तर माणसं हायेत. दिसली का? चष्मा लावा की. पंज्याएवढं चित्र, त्यात सगळं जंगल, अन् जंगलात दोन माणसं, मुंगीएवढी. माझ्या लेकानं आणलं, आदिनाथनं, पुण्याच्या जुन्या बाजारातून. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं कोरून छापतेत म्हणं असलं. मी आधी म्हणलं, पाऊस पडायलाय — या तिरप्या रेघा बघा — तर लेक हसला, दादा, ती सावली हाय. आता एवढी सावली आपल्याकडं कुणी बघितली? आपल्या बाभळीखाली शेळीबी अर्धी उन्हातच बसती.

केजात फ्रेमवाले न्हाईत का म्हणता? हायेत की. पण इकडं आलतो, म्हणलं घ्यावी करून. कशाला आलतो? असंच. सासुरवाडी हाय माझी सिरसाळ्यात, ही मागची गल्ली, गिरणीला लागून. न्हाई, अजून गेलो न्हाई तिकडं. जाईन की. तुमी काच पुसा.

तर यात बाई पुढं हाय अन् गडी मागं. आता तुमीच सांगा, आपल्याकडं बाई कधी पुढं चालती? बाजाराला जा, लग्नाला जा — नवरा पुढं, बायको चार हात मागं. मी म्हणलं, ही रुसून निघालीय अन् ह्यो माघारी आणायला पळतोय. तर शिवकन्या — मालकीण आमची — भाकरी थापता थापता म्हणली, रुसली कशानं? माहेराला निघालीय ती. माहेराच्या वाटंला बाईच पुढं असती. ह्यो पोचवायला चाललाय. मी हसलो, म्हणलं, एवढं जंगल तुडवत पोचवायला कोण जातं, एसटीत बसवून दिलं की झालं. तिनं तवा खाली उतरवला. म्हणली, "तुमी मला जन्मभर एसटीतच बसवत आलात. गाडी हलायच्या आधी तुमची पाठ दिसायची." अन् गेली. हरभरा पेरला तवा गेली, आता घाटे भरले. फोन? करतो की. उचलती, म्हैस कशी हाय इचारती, ठिवती.

तिला आणायला आलो असं समजू नका हं. फ्रेमला आलो. पिशवीत? ते — तिचं स्वेटर हाय, थंडी पडलीय ना. अन् शेंगदाण्याची चटणी. मीच कुटली, लई तिखट झाली.

थांबा थांबा. जरा उजेडात धरा ते. गड्याच्या पाठीवर काय हाय? मी इतके दिवस कुबड समजत होतो — गाठोडं हाय हो ते! अन् बाई बघा, हात रिकामे. तिचं गाठोडं ह्यानं घेतलंय. पळत न्हाई तो. तिच्या चालीनं चाललाय, सावकाश... शिवकन्याचंच बरोबर होतं की.

गिरणीवाल्याला फोन? नको, ठिवा तो. बोलावून घ्यायची न्हाई तिला, मीच जातो. यायचं का न्हाई ते तिनं बघावं. कागदात बांधू नका, उघडंच द्या — बांधलं तर साडी आणली वाटंल, अन् सोडल्यावर नवीनच भांडण. द्या इकडं. अन् दारात उभं राहून बघू नका फिरोजभाई, आत जा. कुणी बघायलं की मला चालता येत न्हाई.