विलासचा हुद्दा

हुद्द्याने काही फरक पडत नाही म्हणतोस? मग आमच्या विलासचं ऐक.

ठाण्याच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसायचा. कंपनीच्या मशीन कशा चालवायच्या, त्याची मॅन्युअल लिहायचा. ती वाचून शिकलेले इंजिनियर मॅनेजर झाले, हा मात्र 'डॉक्युमेंट असिस्टंट'च राहिला. नवी पोरं तर त्याला टायपिंगवाले काका म्हणायची. दर अप्रेझलला तो एकच मागायचा, "सर, पगार राहू द्या, पण सिनियर टेक्निकल रायटर तरी करा." साहेब हसायचे. "अरे, हुद्द्यात काय आहे? काम बोललं पाहिजे!"

मार्चमध्ये गेला रे, हार्ट अटॅकने. कोपरला त्याच्या सोसायटीच्या गेटवर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा होता. फ्लेक्सवाल्याने फोनवर विचारलं, "नावाखाली काय टाकू?" वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी फोन घेतला आणि म्हटलं, "सिनियर टेक्निकल रायटर टाक. मोठ्या अक्षरात."

दुसऱ्या दिवशी साहेब भेटायला आले. गेटवरच थांबले, फ्लेक्स वाचला आणि मला बाजूला घेतलं.

"हे डेझिग्नेशन त्याला कुणी दिलं?"

"मी."

"अरे, असं कसं? आपले बाकीचे रायटरपण येणार इथे. बघितलं की उद्या तेही मागतील!"

"नाही मागणार, सर," मी म्हटलं. "मिळवायला काय करावं लागतं, तेही बघतीलच ना."