मीनाचा कागद अन् माहा गुडघा

सवालाले आपण कधी भेलो नाही. चौथीत तीन वर्षं बसलो, ते फक्त जवाब येत नव्हते म्हणून. गुडघेदुखी अन् एकटेपणाच्या संशोधनासाठी मेहकरहून मीना दर महिन्याले घरी यायची. गुडघा पाहून झाला की कागद काढून इचारायची, “आबा, या पंधरा दिवसांत किती दिवस एकटं वाटलं?”

“एकही नाही. असे सवाल तुह्या सासूले इचार!” मी खिदळायचो.

परवा ती म्हणाली, “आबा, ही शेवटची चक्कर. ज्याले लई एकटं वाटते, त्याच्याकडेच पुन्हा यायचं हाये.”

“मंग लिही, रोज वाटते. म्हातारी गेल्यापासून एकट्याले चहाही जात नाही.”

तिचा पेन थांबला. “आबा, खोटं आता बोलून राह्यले, का इतके महिने बोलले?”