आढीतली बाटली

वाइनचं म्हणाल, तर आमच्या रोह्याच्या घरातही एक बाटली होती. दादा जहाजावर कूक. त्याने खास फ्रान्सहून आणलेली. म्हणाला, “आय, ही अंधारात आडवी ठेव, वर्षानुवर्षं पिकू दे. मी कायमचा घरी आलो की उघडू.”

आईला पिकवणं एकच ठाऊक. दर उन्हाळ्यात तिने ती आंब्यांच्या आढीत, पेंढ्याच्या उबेत घातली. वाइनला ऊब चालत नाही, हे आम्हाला कुठलं माहीत.

यंदा दादा आजारी पडून कायमचा परतला. बाटली उघडली. मला नुसतं व्हिनेगर लागलं. दादाने पेला संपवला.

“मस्त पिकलीय गो आय.”

ती आत गेल्यावर मी म्हटलं, “नासलीय रे. दुसरी आणू.”

“आण की. पण ती पिकेपर्यंत मी हाय कुठं?”