चाक भाईर, गाडी ठाम

...आणि वर मलाच म्हणतात, उतर! आता तुम्हीच सांगा, गाडी घरची, चाकं नवी, रस्ता सरकारचा, आणि गतिरोधक आला की उतरायचं कोणी? मी! तुम्हाला सांगते, आमच्या शेळगावापासून इंदापूरपर्यंत जेवढे गतिरोधक आहेत ना, ते मी पायी ओलांडलेत. आणि असं होणार हे मी म्हणाले होते. हळू म्हणाले, पण म्हणाले होते.

म्हणजे झालं असं, आमच्या तात्यांची, मोठ्या चुलत्यांची, पांढरी मारुती. जुनीच घेतलेली, पण तात्या तिला रोज बैलासारखी धुतात, आरशांच्या मागं तर अशी घासतात की कानच आहेत ते! तिचं एक चाक खड्ड्यात वाकलं. एक! मग एकच बदलावं की नाही? पण तात्यांनी बारामतीत कुणाच्या तरी गाडीला चकचकीत अलॉयची चाकं पाहिली होती आणि तेव्हापासून त्यांना जेवण जात नव्हतं. "चारी बदलायची!" झालं. निघालो बारामतीला. मला का नेलं? माझ्या चष्म्याचा नंबर काढायचा होता... तो अजून काढायचाय.

इस्माईलभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी दोन चाकं पुढ्यात ठेवली. "बघा तात्या, दिसायला एकच, पर ऑफसेट निराळा. ह्ये आत बसतंय, ह्ये भाईर येतंय."

"ऑफसेट म्हंजी?"

इस्माईलभाईंनी चाक पालथं घातलं. "जितं नट आवळायचं, त्यो भाग किती आत आन् किती भाईर, त्येवढंच."

आमचं वाकलेलं चाक शेजारीच पडलं होतं. मी आपली बघत होते, दुसरं काय करणार? जुन्या चाकाचा नटांचा भाग पुढं, अगदी दर्शनी. आणि तात्यांनी ज्याच्यावर हात ठेवला होता त्याचा पार आत, वाटीच्या तळासारखा. म्हणजे तेवढं चाक बाहेर येणार. बाहेर आलं की वर पत्रा आहेच! मी म्हणाले, "तात्या, पत्र्याला घासेल." हळू म्हणाले, पण म्हणाले होते.

तात्यांना ऐकू येणार कसं? ते सांगत होते, "इस्माईल, उसात ट्रॅक्टर घालताना मागची चाकं आमी काय करतो? उलटी लावून भाईर काढतो! सरीत बसत्यात, ट्रॅक्टर हालत न्हाय. चाक भाईर, गाडी ठाम!"

"आवं, ट्रॅक्टरला चाकावर पत्रा कितीक उंच असतोय! हितं मागं माणसं बसली की गाडी दबती."

"आमच्या घरची माणसं हलकी हायती!"

आता दोघांची जागा एकटीला लागणारी आमची गोजरआत्या दुकानात नव्हती म्हणून, नाहीतर तीसुद्धा हसली असती.

बसवली चाकं. बारामतीहून घरी येईपर्यंत तात्या दुकानांच्या काचांत गाडी बघत होते. घरी आल्यावर आत्या मागं बसली, आई बसली, मी बसले, गाडी पहिल्या गतिरोधकावर चढली आणि... खर्रर्रर्र! तात्या म्हणाले, "नवीन हाय, रुळंल." दुसरा... खर्रर्रर्र! "स्वप्नाली, उतर गं जरा." उतरले. आवाज बंद. तेव्हापासून सगळ्यांचा हाच उपाय.

आता ऐका. हस्ताक्षर स्पर्धेत मी तालुक्यात पहिली आले. कशातही पहिली येण्याची माझी ही पहिलीच वेळ, तीही बोलायचं नव्हतं म्हणून! इंदापूरला बक्षीस समारंभ. आणि मला, तुम्हाला सांगते, स्टेजवर जायचं होतं. कधी नव्हे ते. चालत जायचं, वाकायचं, घ्यायचं, परत यायचं... आरशासमोर करून बघितलं होतं.

निघालो. पुढं तात्या आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. मागं आई, आत्या, मी, आणि आत्याच्या मांडीवर तिच्या इंदापूरच्या नणंदेसाठी शेंगांचं पोतं. गतिरोधक आला. पोतं उतरवायचं की मला? "पोत्याला परत चढवायचं कुणी?" आत्या म्हणाली. बरोबरच आहे, मी माझी मीच चढते.

उतरले. गाडी पलीकडं गेली, पुढं गेली, आणखी पुढं गेली... मी चालतेय. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मी चालतेच आहे! मग एस.टी. आली, तिला हात केला.

मी पोचले तेव्हा मांडवात खुर्च्या उचलत होते. बक्षीस तात्यांनी घेतलं होतं. फोटोही काढला होता, तात्या, प्रमाणपत्र आणि मागं चाक. आई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मी म्हणाले व्हते गं, पोरगी ऱ्हायली. हळू म्हणाले, पर म्हणाले व्हते."

आणि तात्या? तात्या खूश! माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "स्वप्नाली, चाकात काय दोष न्हाय बघ! तू उतारलीस, आन् थेट इंदापूरपतुर एकदा घासलं न्हाय!"

म्हणजे चाकं बरोबर आहेत. गाडीत मीच जास्त होते.